देव मानत नाही, तरी एएच्या मीटिंगला जाऊ का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ वर्षांपूर्वी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मंडळाच्या मीटिंगला पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात पेन आणि छोटी वही होती. तिथे जे जे अवैज्ञानिक बोललं जाईल ते टिपायचं आणि घरी येऊन बायकोला वाचून दाखवायचं, असा बेत होता. हात इतका थरथरत होता की माझी टिपणं मलाच लागली नाहीत. त्यानंतरच्या वर्षभरात दोनदा घसरलो. मग मात्र आठ वर्षं प्यायलेलो नाही. देव आहे की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही माहीत नाही.

ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. एएच्या वतीनेही बोलत नाही. तिथे तसा अधिकार कोणालाच नसतो. नाव का दिलेलं नाही ते 'अॅनॉनिमस', म्हणजे निनावी, या शब्दातच आलं.

मी देव मानत नाही. मला आत येऊ देतील का?

देतील. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. दारू सोडायच्या एएच्या वाटेवरच्या बारा पायऱ्या आणि त्यांच्या जोडीला ग्रुप कसे चालावेत ते सांगणाऱ्या बारा परंपरा आहेत, त्यातली तिसरी नेमकं हेच सांगते. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. मी पहिल्या दिवशी कोणी विचारायच्या आतच छाती काढून जाहीर केलं, "मी देवबिव मानत नाही." शेजारी बसलेले गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. ते म्हणाले, "बरं. चहात साखर चालते ना?"

पण बारा पायऱ्यांमध्ये देव आहेच ना?

आहे, आणि तो नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बारापैकी सहा पायऱ्यांत तो या ना त्या रूपात येतो. चार ठिकाणी सरळ 'परमेश्वर', दुसऱ्या पायरीत 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' आणि सातवीत नुसता 'तो'. दारूचा उल्लेख मात्र पहिल्या पायरीत एकदाच. शेवटच्या पायरीत फक्त दारुड्यांचा. दारू सोडायला आलेल्या माणसाला हे प्रमाण चमत्कारिक वाटलं तर त्यात त्याची चूक नाही.

हे असं का, ते इतिहासात आहे. एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अॅक्रन गावी झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही अट्टल पिणारे. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत वावरलेले होते. पापाची कबुली द्यायची, ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्यायचं, देवाला शरण जायचं, ही सगळी तिथली भाषा. पायऱ्या त्याच मातीतून आल्या.

पण त्या काळच्या मूठभर मेंबरांमध्ये जिम बर्वेल नावाचा एक सेल्समन होता, पक्का नास्तिक. १९३९ साली एएचं मूळ पुस्तक निघालं, त्याआधी मसुद्यावर बरीच भांडणं झाली. 'आपल्याला जसा उमगेल तसा परमेश्वर' ही सवलत त्या भांडणांतून आली आणि तिचं श्रेय बरेचदा बर्वेलला दिलं जातं. सातव्या पायरीतले 'गुडघे टेकून' हे शब्दही छपाईआधी गेले. म्हणजे आपण काही पहिले हुज्जत घालणारे नाही. आपली जागा तिथे सुरुवातीपासूनची आहे, आणि बऱ्याच भाविक मेंबरांना हे माहीतही नसतं.

त्याच पुस्तकाचं चौथं प्रकरण खास अज्ञेयवाद्यांसाठी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही म्हणणाऱ्यांसाठी, लिहिलेलं आहे. वाचा, पण त्याचा सूर 'आज नाही तरी उद्या मानालच' असा आहे. मला तेव्हा राग आला होता. अजून येतो.

'उच्च शक्ती' म्हणून नेमकं काय धरायचं?

यावर लोक महिनोन्‌महिने घालवतात. कोणी निसर्ग म्हणतं, कोणी गेलेली आई. एएचंच साहित्य सांगतं की ग्रुपलाच ती शक्ती मानलं तरी चालेल. वीस माणसं न पिता बसली आहेत आणि मला एकट्याला ते जमत नाही, म्हणजे या बाबतीत ती माझ्यापेक्षा ताकदवान आहेत. 'दाराची मूठही चालेल' हा तिथला जुना विनोद. मला तो कधीच आवडला नाही. माणूस मेटाकुटीला येऊन बसलाय आणि त्याला म्हणे दाराची मूठ!

मी स्वतः फार खोलात शिरलो नाही. दारूच्या बाबतीत माझ्या एकट्याच्या डोक्यावर विसंबता येत नाही, एवढंच धरलं. ते पटायला देव लागत नाही, मागच्या पाच वर्षांचं बँकेचं पासबुक पुरतं.

प्रार्थना म्हणावी लागते का?

सक्ती नाही. शेवटी सगळे उभे राहतात, बऱ्याच ठिकाणी हात धरतात, आणि एक छोटी प्रार्थना होते. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य, आणि दोन्हींतला फरक ओळखण्याची अक्कल दे, असा तिचा आशय. राइनहोल्ड नीबूर या अमेरिकन धर्मचिंतकाची म्हणून ती ओळखली जाते. मी सुरुवातीचं 'हे परमेश्वरा' गाळतो आणि बाकीचं म्हणतो. काही महिने तर तोंड मिटूनच उभा होतो. शेजारच्याला फक्त एवढंच कळलं की माझा हात घामेजलेला आहे.

पहिल्या मीटिंगला नेमकं काय होतं?

आमची मीटिंग भरते महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात. काही ग्रुप चर्चच्या हॉलमध्ये भरतात. पत्ता चर्चचा दिसला म्हणून धसका घेऊ नका, ती भाड्याची नाहीतर मिनतवारीने मिळालेली जागा असते. वर्ग चौथीचा. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागतात. फळ्यावर दुपारचा भागाकार तसाच. त्यावर सुतळीने घोषवाक्यांच्या पाट्या लटकवतात: 'एका वेळी एक दिवस', 'सोपं ठेवा'. कोपऱ्यात थर्मास, कागदी कप, ग्लुकोजची बिस्किटं.

बरोबर सातला चेअर करणारा एएची प्रस्तावना वाचतो. मग एकेक जण पुढे येऊन बोलतो, ज्याला सगळे 'शेअरिंग' म्हणतात. आधी कसा होतो, काय घडलं, आता कसा आहे. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. ही शिस्त मला सगळ्यांत आवडली. आपल्याकडे दुखणं सांगायला लागलं की समोरचा दुसऱ्या वाक्याला इलाज सुचवतो. इथे तासभर नुसतं ऐकतात.

त्या दिवशी एक रिक्षावाला बोलला. बायकोने लपवलेले पैसे शोधायला त्याने तांदळाचा डबा जमिनीवर उपडा केला होता. पैसे मिळाले नाहीत. मग बायकोने रात्री तो तांदूळ एकटीने निवडला आणि हा भिंतीला टेकून बघत बसला. माझ्या घरी डबा तांदळाचा नव्हता, गणपतीच्या वर्गणीचा होता. वहीत त्या पानावर काहीच लिहिलेलं नाही.

शेवटी एक पिशवी फिरते. दहा-वीस रुपये टाकायचे, नसले तर नाही. बाहेरच्या कोणाचे पैसे एए घेत नाही. नवख्याने बोलायलाच हवं असंही नाही. नुसतं "आज ऐकायला आलोय" म्हणून बसलात तरी पुरे.

ओळखीचं कोणी भेटलं तर?

तोही त्याच कामासाठी आला असेल. मला आमच्या सोसायटीचा माजी सेक्रेटरी भेटला. पार्किंगवरून आमचं बोलणं बंद होतं. अजूनही पार्किंगच्या बाबतीत ते बंदच आहे.

'मी अल्कोहोलिक' म्हणावंच लागतं का?

नाही. पुष्कळ जण म्हणतात, काही नुसतं नाव सांगतात. तो शब्द तोंडातून यायला मला चार महिने लागले.

हा एक प्रकारचा पंथ नाही का? बुवाबाजी?

महाराष्ट्रात वाढलेल्या, जरा वाचणाऱ्या माणसाचा हा पहिला संशय, आणि तो असायलाच हवा. माझी कसोटी साधी आहे. पैसे कोण घेतं? वर कोणी बाबा बसलाय का? सोडून गेलं तर काय करतात? एएमध्ये पैशाची पिशवी चहा-भाड्यात संपते, चेअर करणारा ठरावीक काळाने बदलतो, आणि सोडून गेलेल्याला फार तर एखादा फोन येतो. या तिन्हींत ते पंथात बसत नाही.

पण पंथाचा वास अधूनमधून येतो, हेही खरं. काही ग्रुपांत घोषवाक्यं आणि पुस्तक पोथीसारखं घोकतात. 'कार्यक्रम फसत नाही, माणूस फसतो' या थाटाचं बोलणं मला साफ नामंजूर आहे. औषधाने गुण आला नाही तर रोग्याला दोष देणाऱ्या वैद्याकडे आपण जात नाही. असं ऐकू आलं तर ग्रुप बदला. मुंबई-ठाणे-पुण्यात एकाच आठवड्यात बऱ्याच मीटिंगा असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो.

आणि एक. अंधश्रद्धेशी उभा जन्म भांडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं. विवेकवादी माणसाला व्यसनाचा प्रश्न परका नाही आणि तो नुसत्या इच्छाशक्तीने सुटत नाही, हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणी जवळून पाहिलं असेल. 'मी बुद्धिवादी आहे, मला आधाराची गरज नाही' हे वाक्य मी सात वर्षं वापरलं. बुद्धिवादाला त्यात उगाच ओढलं होतं.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय?

२०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने एएवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला: २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. एए आणि एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभराने पूर्णपणे दारूपासून दूर असलेले साधारण ४२ टक्के. वर्तनोपचारासारखे (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे) इतर उपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक आहे, पण आभाळाएवढा नाही. पूर्ण न सुटलेल्यांचं पिणं किती कमी झालं, यात तर दोन्ही जवळपास सारखे. आणि बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, हे ध्यानात ठेवा.

आपल्या कामाचा अभ्यास मात्र दुसराच. २००२ मध्ये टोनिगन, मिलर आणि शर्मर या संशोधकांनी नास्तिक आणि अज्ञेयवादी रुग्णांकडे वेगळं पाहिलं. हे लोक मीटिंगला कमी जातात, असं दिसलं. पण जे गेले त्यांना न पिण्याच्या दृष्टीने झालेला फायदा देवावरच्या विश्वासावर अवलंबून नव्हता. म्हणजे अडतं ते दारातच. माझा अनुभवही तोच. मला सुधारलं असेल तर दर बुधवारी सातला कुठेतरी हजर असण्याने. पूर्वी सात वाजता मी बारमध्ये हजर असायचो.

घरचे म्हणतात, त्यापेक्षा माळ घाल. काय करू?

या प्रश्नाला हसू नका. तुळशीची माळ घातली आणि दारू-मटण दोन्ही सुटलं, अशी माणसं मी सख्ख्या नात्यात पाहिली आहेत. माझ्या मामांची तशीच सुटली आणि वारीला जाता जाता गेली ती कायमची. चार लोकांसमोर घेतलेला नेम, दर एकादशीला तोच नेम पाळणारी संगत, चुकलं तर विचारणारी माणसं. मीटिंगमध्ये याहून वेगळं फार काही नाही. उलट माळ खुंटीला टांगून बसणारेही पाहिलेत. दिंडी नव्हती, नुसतीच माळ होती.

पण ज्याच्या मनात विठ्ठल नाही त्याने घरच्यांच्या समाधानासाठी माळ घालू नये. ते नाटक चार दिवस टिकतं आणि पाचव्या दिवशी दारूबरोबर खोटेपणाचीही लाज गिळावी लागते. मी आईला सांगितलं, "माझी दिंडी बुधवारी शाळेत भरते." तिला फारसं पटलं नाही. पण बुधवारी साडेसहाला ती मला हाक मारायला लागली.

मीटिंगला गेलं की डॉक्टरची गरज नाही ना?

आहे. इथे हयगय नको. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं, घाम, ताप सुरू होऊ शकतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तो जिवावर बेततो. सकाळी उठल्या उठल्या घोट लागत असेल, हात थरथरत असतील, पूर्वी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात हे उपचार होतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही ओढ कमी करणारी किंवा दारू नकोशी करणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. मीटिंगमधल्या कोणी "गोळ्या म्हणजे खरी सोबरायटी (दारूमुक्ती) नाही" म्हटलं तर सोडून द्या. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं एएचंच साहित्य सांगतं.

घरच्यांसाठी एक कळकळीची विनंती. 'नकळत चहातून द्या, दारू सुटेल' अशा जाहिरातींतली पावडर देऊ नका. तिच्यात डायसल्फिराम असू शकतं आणि त्यावर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

स्पॉन्सर कट्टर भाविक निघाला तर?

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या चढताना हात धरणारा जुना मेंबर. माझा पहिला असाच होता. रोज पहाटे पूजा कर म्हणाला, केली नाही. मग डिप्रेशनच्या गोळ्या बंद कर म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला नम्रपणे नमस्कार केला. दुसरे निघाले तेच कंडक्टर. ते स्वतः दर गुरुवारी दत्ताला जातात आणि मला म्हणतात, "तू तुझं बघ, मी माझं बघतो, दोघंही पीत नाही ना, झालं तर."

बायकांना हे ठीक आहे का?

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपांत पुरुषच पुरुष असतात आणि आत शिरल्यावर वीस माना वळतात, हे मैत्रिणींनी सांगितलंय. आधी फोन करून एखादी जुनी सभासद आहे का ते विचारा; ऑनलाइन बायकांच्या मीटिंगाही होतात. नव्या बाईशी सलगी करू पाहणाऱ्या जुन्या मेंबराच्या उद्योगाला तिथे 'तेरावी पायरी' म्हणतात. मराठीत तेरावं म्हटलं की जे आठवतं ते इथेही लागू. अशा माणसाला टाळा आणि ग्रुपमध्ये मोठ्याने सांगा.

पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईसाठी, नवऱ्यासाठी अल-अॅनॉन हे वेगळं मंडळ आहे. पिणारा सुधारो न सुधारो, तिथे जाता येतं.

देवाशिवायच्या मीटिंगा मिळतात का?

मिळतात, पण मराठीत अजून मला सापडलेल्या नाहीत. शिकागोत १९७५ पासून अज्ञेयवाद्यांच्या एए मीटिंगा आहेत. टोरांटोत अशा ग्रुपांनी पायऱ्यांतला देव काढला म्हणून २०११ मध्ये त्यांना तिथल्या एएच्या मीटिंगांच्या यादीतून वगळलं. मानवी हक्कांच्या न्यायाधिकरणापर्यंत प्रकरण गेलं आणि २०१७ मध्ये ते परत आले. आता अशा पुष्कळ मीटिंगा झूमवर आहेत. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, हे सोडलं तर अडचण नाही. इंग्रजी चालत असेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा. १९९४ पासूनची ही चळवळ वर्तनोपचाराच्या अंगाने जाते, तिथे पायऱ्याच नाहीत.

भरती होऊन उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर. तिथून आलेले कितीतरी जण आमच्या बाकांवर बसतात. दोन्हींचं भांडण नाही.

अमेरिकेत आहे. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून कोर्टाने एएला पाठवलंय. नाही म्हणता येतं?

एएलाच जा, दुसरं काही चालणार नाही, अशी सरकारी सक्ती अमेरिकी घटनेत बसत नाही, असे निकाल तिथल्या वरच्या न्यायालयांनी १९९६ पासून दिले आहेत. २००७ मधला नवव्या सर्किटचा, म्हणजे तिथल्या एका केंद्रीय अपील न्यायालयाचा, निकाल प्रसिद्ध आहे. वकिलामार्फत धर्मनिरपेक्ष पर्याय मागा. परस्पर जाणं बंद करू नका.

किती मीटिंगांनंतर ठरवू?

सहा. त्यातल्या निदान दोन वेगळ्या ग्रुपच्या. एकीवरून ठरवलं तर त्या दिवशी जो जास्त बोलला त्याच्यावरून ठरवल्यासारखं होतं. सहानंतर नको वाटलं तर सोडा, पण त्या जागी काय, ते आधी ठरवा. मीटिंग सोडणं आणि दारू पुन्हा सुरू करणं या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी होऊ देऊ नका. माझ्या दोन्ही घसरणी अशाच झाल्या.

पिऊन मीटिंगला गेलं तर हाकलतील का?

गोंधळ घातला नाही तर नाही. त्या दिवशी बोलू नका, फक्त बसा, एवढंच सांगतात. दुसऱ्यांदा घसरलो त्या बुधवारी मी क्वार्टर मारून गेलो होतो. शेवटच्या बाकावर बसलो, कपाळ बाकावर टेकलं. मीटिंग संपली, पाट्या उतरवल्या, थर्मास धुतला गेला. कंडक्टरांनी मला दंडाला धरून खाली आणलं, रिक्षा थांबवली, पत्ता सांगितला आणि साठ रुपये आधीच रिक्षावाल्याच्या हातात दिले. पुढच्या बुधवारी मी पैसे परत द्यायला गेलो. ते घेईनात. पिशवीत टाक म्हणाले.